छोटे साबांचा अंगठा

एका परक्या देशाच्या पंतप्रधानांबद्दल आमच्या घरात इतकं बोललं जायचं, की माझा धाकटा भाऊ संदीप लहानपणी त्यांना आमचे महाडकडचे नातेवाईकच समजत होता. गावाला जायची वेळ आली, माळ्यावरून बॅगा खाली आल्या, की तो विचारायचा, "आई, छोटे साबांकडे पण जायचं?" आई हसून म्हणायची, "त्यांनाच बोलवू या की गणपतीला. आरतीला माणसं कमीच पडतात." त्या देशाचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण आप्पांनी ते चारचौघांत कधी घेतलं नाही. फौजेत शिकवलेल्या माणसाचं नाव सांगून मोठेपणा मिरवणं त्यांना हलकेपणाचं वाटे. घरात मात्र छोटे साबांचा विषय निघाला नाही असा आठवडा गेला नसेल.

आप्पा म्हणजे माझे वडील. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि मस्कतला एका मोठ्या हॉटेलात सिक्युरिटी सुपरवायझर म्हणून आले. वर्षभरात आम्हालाही आणलं. त्याआधी खूप वर्षांपूर्वी, माझा जन्मही झालेला नसताना, अधिकारी तयार करणाऱ्या अकादमीत ते हवालदार होते आणि कॅडेटांना ड्रिल शिकवत. तिथे ड्रिल शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. तिथली एक रीत मला अजून गमतीची वाटते. कॅडेट उद्या अधिकारी होणार, म्हणून उस्ताद त्याला आजपासूनच 'साब' म्हणतो आणि 'आप'शिवाय बोलत नाही. पण शिव्या घालायचं काही थांबवत नाही. "आप निहायत निकम्मे हो, साब." "आपको मैदान के चार चक्कर मिलेंगे, साब." ही भाषा आप्पांच्या जिभेवर अशी बसली होती की घरीही सुटली नाही. संदीप दात न घासता नाश्त्याला बसला की आप्पा वर्तमानपत्राआडून म्हणायचे, "संदीप साब, आप वापस जाओ." आणि संदीप साब निमूटपणे बेसिनकडे जायचे.

मित्रदेशांचे कॅडेटही त्या अकादमीत येत. त्यातलाच एक छोटे साब. उंची बेताची, म्हणून हे नाव. मुलगा हुशार, काटक, धावण्यात पहिला, पण सावधान उभा राहिला की पंचाईत. सावधानमध्ये मूठ बंद हवी आणि अंगठा पँटच्या शिवणीला लागून सरळ खाली हवा. छोटे साबांचा उजवा अंगठा काही केल्या सरळ राहत नसे. बाकी सगळं अंग पुतळा, आणि अंगठा तेवढा बाहेर आलेला, काहीतरी विचारायचं राहून गेल्यासारखा. आप्पांनी ओरडून पाहिलं, फेऱ्या मारायला लावल्या, शेवटी खिशातली चवन्नी काढली आणि त्याच्या अंगठ्याखाली ठेवली. चवन्नी पडली की मैदानाला एक फेरी. पहिल्या दिवशी अकरा फेऱ्या झाल्या. दीड महिन्याने एकही नाही. पासिंग आउटच्या दिवशी, खांद्यावर पहिल्यांदा स्टार लागल्यावर, नव्या अधिकाऱ्याला पहिला सलाम त्याचा उस्ताद करतो. आप्पांनी कडक सलाम ठोकला, छोटे साबांनी तो घेतला, आणि मग दोघंही पोरांसारखे रडले. रडण्याचा भाग आप्पा गाळायचे. तो मला आईकडून कळला. चवन्नी छोटे साबांच्या खिशातच राहिली.

आम्ही मस्कतच्या अल खौद भागात राहायचो, एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर. दुकान रत्नागिरीकडच्या हमीदाखालांच्या नवऱ्याचं होतं. तेलाच्या डब्यांपासून शाळेच्या वह्यांपर्यंत सगळं तिथे मिळे. आमच्या खिडकीतल्या एसीला घरघर लागलेली असे आणि तो बंद केला की घर अचानक परकं वाटे. तव्यावर कनादचे, म्हणजे इथल्या सुरमईचे, तुकडे पडले की खालून हमीदाखालांची हाक यायची, "वैनी, कोकम हाय की पाठवू?" सकाळी खुबूसची अरबी रोटी आणि चहा, दुपारी भात आणि माशाचं आंबटतिखट, रात्री कुळथाची पिठी. गावाहून आणलेलं कुळथाचं पीठ आई फ्रिजमध्ये दागिन्यासारखं जपायची. आप्पांचा युनिफॉर्म मात्र आईलाही हात लावायला मिळत नसे. इस्त्री ते स्वतः करत, पाण्याचा हबका मारून, आणि त्या गरम कापडाचा वास सगळ्या घरात भरून राही. आज मी मस्कतजवळच्या अल अमेरातला राहते, माझ्याकडे इस्त्रीवाला येतो, आणि तरीही कुठे गरम सुती कापडाचा वास आला की माझी पाठ आपोआप ताठ होते.

छोटे साबांची वही म्हणजे एक जाड रजिस्टर होतं. त्यांच्या देशाच्या बातम्या वर्तमानपत्रात महिनोन् महिने नसत, आणि आल्या तरी तळाशी, बोटभर. आप्पा हॉटेलातले शिळे पेपर घरी आणत आणि शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी जमिनीवर पसरून चाळत. सापडलं की कापायचं काम माझं, कारण माझा हात सरळ. आई गव्हाच्या पिठाची खळ करून द्यायची. कर्नल झाले, ब्रिगेडियर झाले, पुराच्या वेळी स्वतः छातीभर पाण्यात उतरून लोकांना काढलं, मग सेनाप्रमुख झाले. फोटो असला की आप्पा चेहरा बघत नसत. खिशातून चष्मा काढून हाताकडे बघत. "हं. सरळ आहे," म्हणत, आणि मग खळ लावायची परवानगी मिळे.

मग एका संध्याकाळी रेडिओवर सांगितलं की त्यांच्या देशात सैन्याने सरकार ताब्यात घेतलंय आणि सेनाप्रमुख आता पंतप्रधानाचं काम बघतील. संदीप टाळ्या वाजवत नाचायला लागला. मीही उठले होते. आप्पांनी रेडिओ बंद केला. "खाली बसा दोघं," ते म्हणाले. "फौजीने दाराशी उभं राहायचं असतं. घरात शिरून मालकाच्या खुर्चीत बसायचं नसतं. हे त्याला आम्ही नाही शिकवलं." छोटे साबांना त्यांनी 'तो' म्हटलेलं मी आयुष्यात तेवढं एकदाच ऐकलं. वही कपाटावर गेली. सात-आठ महिने शुक्रवारी सकाळी आप्पा पेपर नुसतेच घडी घालून ठेवत होते. पुढे बातमी आली की छोटे साबांनी वर्दी उतरवली, निवडणूक घेतली आणि रीतसर मतं मिळवून पुन्हा पंतप्रधान झाले. दुसऱ्या शुक्रवारी आईने न विचारता स्टूलवर चढून वही खाली काढली, फडक्याने पुसली आणि म्हणाली, "पोरगं चुकलं, सुधारलं. आता किती दिवस रुसायचं?" आप्पा चष्मा शोधायला लागले. चष्मा डोळ्यांवरच होता.

मी नववीत असताना ते मस्कतला येणार असं कळलं. सरकारी दौरा, दोन दिवसांचा, आणि त्यांच्यासाठी आणि सोबतच्या लोकांसाठी दुपारच्या जेवणाचा कार्यक्रम आप्पांच्या हॉटेलात. आप्पांनी हे जेवताना सांगितलं, अगदी सहज, भातावर पिठी घेता घेता, आणि नंतर मिठाच्या जागी साखरेचा डबा उघडला. आमच्या शाळेत आम्ही मुलं आपसात इंग्रजीतच बोलायचो, आणि वर्गात सगळ्यांच्या वडिलांच्या हुद्द्यांची जाहीर चर्चा असे. मी दुसऱ्या दिवशी बाकावर उभी राहून सांगितलं की येणारे पंतप्रधान माझ्या वडिलांचे विद्यार्थी आहेत. मग बँकेतल्या साहेबांची मुलगी रिया म्हणाली, "बट युअर डॅड इज अ वॉचमन, ना?" ती ते वाईट हेतूनेही म्हणाली नव्हती, तिला खरंच तसं वाटत होतं. मी म्हटलं, बघशील तू, पेपरात फोटो येईल दोघांचा. त्या क्षणापासून तो फोटो ही माझी जबाबदारी झाली. रात्री डोळे मिटले की मला तो दिसायचा, छोटे साबांनी आप्पांच्या खांद्यावर हात ठेवलेला. आप्पांनी त्या आठवड्यात युनिफॉर्म तीन वेळा इस्त्री केला. "ओळखतील का हो?" आईने विचारलं. "कशाला ओळखायला हवं?" आप्पा म्हणाले. "हजारो हात आले-गेले." आणि पुन्हा पाण्याचा हबका मारला.

त्या दिवशी मी शाळेतून येऊन खिडकीशीच बसले होते. आप्पांची ड्यूटी दुपारी चारला संपायची, पण सहा वाजले. मग आप्पांच्या आधी जोसेफ आला. जोसेफ त्यांच्या हाताखालचा गार्ड, केरळचा, आप्पांवर जीव टाकणारा. आईने पाणी दिलं ते त्याने हातातच धरलं आणि बैठकीच्या मधोमध उभं राहून सगळं करून दाखवलं. पंतप्रधानांनी पुढच्या दाराने जायचं ठरलं होतं, पण तिथे फार गर्दी झाली म्हणून त्यांना आयत्या वेळी मागच्या लिफ्टकडे आणलं. तिथे पहाऱ्याला आप्पा आणि जोसेफ. "भाभीजी, लिफ्ट आता ही नहीं. सब लोग चुप. पीएम साब बीच में खड़ा, सामने देखता. सर उनके बाजू में, इतना ही दूर." जोसेफने आमच्या टीपॉयएवढं अंतर दाखवलं. "मैं सोचा, अभी सर बोलेगा, मैं आपका उस्ताद. सर नहीं बोला. सर नीचे देखता है, उनका हाथ देखता है. फिर एकदम धीरे से बोला, 'साब, अंगूठा.'"

आईने तोंडावर पदर धरला. मी विचारलं, मग? "मग क्या दीदी. पीएम साब का अंगूठा टक से सीधा. मुंडी नहीं हिला, आंख नहीं हिला, खाली अंगूठा. बाद में लिफ्ट आया, सब अंदर गया. दरवाजा बंद होने तक वो सर को देखता था. बस. कुछ बोला नहीं." आणि मग पाणी एका दमात पिऊन जोसेफ म्हणाला की सोबतच्या एका कोटवाल्याने सरांचं नाव लिहून घेतलंय आणि मॅनेजरने त्यांना ऑफिसात बसवलंय. गार्डने पाहुण्याशी बोलायचं नसतं, हा तिथला पहिला नियम; आणि तो नियम नव्या पोरांना आप्पाच शिकवत. तीस वर्षं फौजेत आणि हॉटेलात जो कधी एक शब्द जास्त बोलला नव्हता, त्याची जीभ घसरली ती जुन्या सवयीने. कॅडेट समोर उभा, अंगठा बाहेर, आणि उस्ताद गप्प, हे आप्पांच्या शरीराला जमण्यासारखंच नव्हतं.

नोकरी गेली नाही, पण त्यांना हॉटेलातून काढून इब्रीच्या एका गोदामावर पाठवलं. तीन-साडेतीन तासांचा रस्ता. गुरुवारी दुपारी यायचे, शुक्रवारी संध्याकाळी जायचे. वर्गात रियाने काही विचारलं नाही, त्यानेच मला जास्त लागलं. आणि मी, सांगायला लाज वाटते, पण दोन गुरुवार आप्पांशी बोलले नाही. ते आले की मी अभ्यासाचं पुस्तक उघडायचे. तुम्ही नुसतं नाव सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, हे मला विचारायचं होतं आणि विचारलं तर रडू येईल हे माहीत होतं. तिसऱ्या आठवड्यात आप्पांना सुट्टी मिळाली नाही. तेव्हा हमीदाखालांचा नवरा माल घेऊन इब्रीला निघाला होता, त्याच्या पिकअपमध्ये आईने मला बसवलं आणि मांडीवर डबा दिला. हमीदाखाला खाली येऊन माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "जा गो, बापूस वाट बगत असंल." मी मात्र घुश्श्यातच गेले.

गोदाम म्हणजे पत्र्याचा मोठा हॉल, भोवती रेती आणि एक बाभळीसारखं झाड. झाडाखाली चार गार्ड, कुणी बांगलादेशी, कुणी पाकिस्तानी, एका ओळीत सावधान उभे होते आणि आप्पा त्यांच्या मुठी तपासत पुढे सरकत होते. मला बघून त्यांनी ओळ मोडायचा हुकूम दिला. त्यांच्या खोलीत एक खाट, एक शेगडी, आणि उशाशी ती वही. मी डबा उघडून दिला. ते जेवत होते आणि मी भिंतीकडे बघत होते. शेवटी मी विचारलंच, "आप्पा, त्यांनी तुम्हाला ओळखलं का?"

"अंगठा सरळ झाला ना."

"अंगठ्याचं नाही विचारत. तुम्हाला?"

आप्पांनी घास खाली ठेवला. "माहीत नाही, वैशू. लिफ्टचं दार बंद होईपर्यंत बघत होते. पण असे कुणीही बघेल, मधेच कोण बोललं म्हणून." मग पाण्याचा पेला हातात घेऊन, माझ्याकडे न बघता म्हणाले, "ओळखावं असं फार वाटत होतं गं. तुझ्या आईला सांगू नकोस."

माझा राग त्या वाक्याला कुठच्या कुठे गेला. मला कळलं की तो फोटो मला जेवढा हवा होता त्याच्या कितीतरी पट जास्त त्यांना हवा होता, आणि हात पसरून मागायचा नाही म्हणून ते गप्प राहिले होते. मी त्यांच्या ताटात उरलेला कनादचा तुकडा वाढला आणि त्यांच्याजवळ खाटेवर बसले. चौदा वर्षांच्या मुलीला याहून जास्त काही सुचत नाही. परत निघताना त्यांनी मला गार्डांसमोर उभं केलं आणि मला सावधान करून दाखवायला सांगितलं. "देखो, बच्ची का अंगूठा देखो," ते म्हणाले. पाकिस्तानी गार्डने शाबास म्हणून मला खजूर दिले.

इब्रीत ते दीड वर्ष राहिले, मग पुन्हा मस्कतला आले, दुसऱ्या एका इमारतीवर. वहीत कात्रणं लागत राहिली. मी कॉलेज करून आले, इथल्या एका लॅबमध्ये लागले, संदीप इंजिनियरिंगला गेला. आणि मग आप्पांचं वय झालं, त्यांचा व्हिसा पुढे वाढेना, आणि कायमचं गावी जायचं ठरलं. शेवटच्या आठवड्यात घरभर कार्गोची खोकी होती, एसीची घरघर तेवढी जुनी. आई भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती आणि आप्पा प्रत्येक कागद उलटून बघत होते, सवयीने. संदीप सुट्टीला आलेला होता आणि टीव्ही तेवढा अजून बांधलेला नव्हता. त्यावर बातम्यांमध्ये अचानक छोटे साब दिसले. निवडणूक हरले होते. जिंकलेल्या माणसाच्या हाती कारभार देऊन घरी निघाले होते. केस पांढरे, सूट जरा सैल, उंची आणखीच कमी वाटत होती. "हरला आणि गुपचूप उठला खुर्चीतून," आई म्हणाली. "शिकवलेलं वाया नाही गेलं." आप्पा टीव्हीसमोर येऊन उभे राहिले होते.

राष्ट्रगीत लागलं. छोटे साब सावधान. आम्ही चौघंही चेहरा सोडून हाताकडेच बघत होतो. अंगठा शिवणीला लागून सरळ खाली, जरासाही न हलता. गीत संपलं, नवे पंतप्रधान हात पुढे करून आले, आणि त्यांचा हात हातात घेण्याआधी छोटे साबांनी आपली उजवी मूठ कोटाच्या खिशात घातली, आत काहीतरी सोडलं, आणि मग मोकळा हात पुढे केला. सगळं मिळून दोन सेकंद. संदीप ओरडला, "आप्पा, चवन्नी!" आणि लगेच म्हणाला, "की चावी असेल?" पुढच्या तासाच्या बातम्यांसाठी तो डोळे फाडून बसून राहिला, पण तोवर त्यांनी ती बातमी कापून लहान केली होती, नुसती निघालेली गाडी दाखवली. ते नाणंच होतं असं मी शपथेवर सांगणार नाही. पण मुठीत धरलेली वस्तू अंगठ्याखाली कशी बसते ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि मी ते पाहिलंय.

आप्पांनी पुन्हा पाहण्याची वाट बघितली नाही. पहिल्या वेळीच, छोटे साब गाडीत बसेपर्यंत, ते खोक्यांच्या मधे तसेच ताठ उभे होते, मुठी बंद, अंगठे पायजम्याच्या शिवणीला. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही, कारण सावधानमध्ये हात हलवायचा नसतो. गाडीचं दार लागलं. मग ते हळूच म्हणाले, "छोटे साब, विश्राम." आणि पाय मोकळे करून खोक्यावर बसले.